पाऊण दाबाला नऊ आणे उजेड

विजेच्या खांबावर माणूस चढला की कुठल्याही गावात लोक वर बघतात. भोरात बघत नसत, कान देत असत. कारण वर सावळाराम असायचा, आणि सावळारामाचे हात तारेवर चालू लागले की तोंडही चालू लागायचं. "अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात..." असा पाढा वरून खाली टपटपत यायचा. म्हातारी अंबूबाई एकदा खांबाखाली हात जोडून उभी राहिली होती. तिला वाटलं, वर कुणीतरी हरिपाठ धरलाय. कुणी तिला सांगितलं, "अगं, तो सावळाराम. दिव्याचं गणित घालतोय."

"आसंना का," म्हातारी म्हणाली. "देवाचं नाव न्हाई तर न्हाई, पण घोकतोय किती मन लावून!"

सावळाराम मूळचा उत्रोलीचा. घरची भाताची खाचरं, ती धाकटा भाऊ गेनू बघायचा. एका घराचं पोट भरेल एवढीच ती होती, दोन घरांची चूल त्यावर पेटली नसती. म्हणून थोरल्यानं बाहेर पडायचं हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. लहानपणी सावळाराम मारुतीच्या देवळात तात्या पंतोजींच्या शाळेत जायचा. तात्यांच्या शाळेत पाटी नव्हती, कारण पाट्या घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. मांडी घालायची, गुडघे हलवायचे आणि गुडघ्यांच्या तालावर म्हणत सुटायचं: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पावाचा पाढा, अर्ध्याचा पाढा, पार साडेतीनापर्यंत. तात्यांचा नियम एकच. विचारलं की उत्तर. मध्ये श्वास घेतला तर छडी. ही अशी तीन वर्षं झाली आणि तात्या वारले. त्यामुळे सावळारामाला औटकी शंभरापर्यंत येत होती, पण स्वतःचं नाव लिहायला निम्मी सकाळ लागायची.

पुढं भाटघरचं धरण बांधायला निघालं तेव्हा तो दगड वाहायला गेला. तिथल्या इंजिनघरात एक म्हातारा मिस्त्री होता, त्याला याचे रुंद खांदे आवडले आणि त्यानं याला तेलपाण्याला ठेवून घेतलं. मिस्त्रीनं दोन काटे दाखवले. "हा काटा दाब सांगतो, म्हणजे व्होल्ट. हा सांगतो तारेतनं किती वाहतंय, म्हणजे अंपेर. दोन्ही गुणलेस की दिवा किती वॅट खातो ते कळतं. दाबाला वाहत्यानं भागलंस की तार किती अडवते ते, म्हणजे रोध कळतो. एवढीच विद्या आहे. बाकीची साहेब लोकांनी पगारासाठी वाढवलीय."

सावळाराम त्या काट्यांकडे बघत राहिला. दाब दोनशेवीस. म्हणजे बावीस, पुढं एक शून्य. आणि वाहणारं कधी पाव, कधी दीड, कधी अडीच. अरे, हे तर सगळं तात्यांच्या देवळातच बसलेलं होतं! अडीच बाविसे पंचावन्न, शून्य लावा, साडेपाचशे वॅट. इंजिनाच्या धडधडाटात तो माणूस मोठ्यानं हसला म्हणतात. मिस्त्रीला वाटलं, याला झटका बसला.

भोरात वीजघर उभं राहिलं तसा तो इकडं आला, आणि नीरेकाठच्या आळीत बायको ठकुबाईसह बिऱ्हाड केलं. दहा वर्षं गावातला एकेक खांब त्याच्या हातापायांखालून गेला. बाजारपेठेतल्या धोब्यानं पुण्याहून जुनी विजेची इस्त्री आणली होती. तिच्यावरचा पत्रा झिजून आकडे गेलेले. सावळारामानं अंपेराचा काटा जोडला, अडीच आले. "दोनशेवीसमधी अडीच किती येळा? अडीच चोक दहा, बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी ओहमचा रोध हाय हिच्यात, ध्यानात ठेवा," म्हणाला. धोब्याच्या काय ध्यानात राहायचं! पण पुढच्या पावसाळ्यात धोबी सांगत आला, इस्त्री हल्ली फार जोरात तापते, काम झपाट्यानं होतं, मजा आहे. सावळारामानं पुन्हा काटा जोडला, तर पाच अंपेर. त्यानं धोब्याच्या हातातनं इस्त्री हिसकून घेतली. "पाच! म्हंजी रोध निम्मा झाला, चव्वेचाळीस. आतली निम्मी तार एकमेकीला चिकटलीय शेटजी. आजून दोन दिस मजा केली असती तर दुकानाची राख झाली असती." इस्त्री उघडली. आत तसंच होतं. त्या दिवसापासून धोबी त्याचा सदरा फुकट धुवायचा. सदरा एकच असल्यामुळे धोब्याचं फार नुकसान नव्हतं.

असा हा माणूस. आता त्याच्या डोक्यावर वीज कुठून पडली ते ऐका. तारेतनं नाही पडली, कागदातनं पडली.

सन चाळीस. वीजघराचे मॅनेजर गंगाधरपंत यांनी एका सकाळी सगळ्यांना बोलावलं आणि वरून आलेला हुकूम वाचून दाखवला. यापुढे ज्याच्याजवळ परवाना असेल त्यानंच तारेला हात लावायचा. परवाना मिळायला लेखी परीक्षा. पुण्याहून परीक्षक येणार, पाच गणितं घालणार. ज्याला परवाना मिळेल त्याला पितळी बिल्ला. ज्याला मिळणार नाही त्यानं खांबावर चढायचं नाही.

"गणितं कसली, पंत?" सावळारामानं विचारलं.

"दाब आणि प्रवाह देतील. रोध काढा, शक्ती म्हणजे वॅट काढा."

सावळाराम नुसता हसला. पंत हसले नाहीत. त्यांना माणूस आणि हुकूम दोन्ही माहीत होते.

"सावळाराम, हसू नकोस. एका गणिताला वीस मार्क. दहा उत्तराला, दहा रीतीला. पास व्हायला साठ. तुझी पाचही उत्तरं बरोबर आली तरी होतात पन्नास."

"रीत म्हंजी?"

"उत्तर कसं काढलं ते कागदावर लिहून दाखवायचं. मांडणी."

"पर ते तर तोंडानं काढलं."

"तेच म्हणतो मी," पंत म्हणाले. "आणि आणखी एक. परीक्षेत तोंड मिटून बसावं लागतं."

इथं सावळारामाचं हसू मावळलं.

पंत भला माणूस. त्यांनी तोड काढली की पाचांतल्या एकाच गणिताची रीत लिही, पन्नास आणि दहा साठ, सुटलास. त्यांनी वहीच्या पानावर वळणदार अक्षरात एकच ओळ लिहून दिली: 'रोध बरोबर दाब भागिले प्रवाह.' खाली आकड्यांची मांडणी. ही ओळ घोटायची. सावळाराम रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून ती घोटू लागला. त्याची अक्षरं नांगरटीसारखी, एक ओळ लिहिली की निम्मं पान संपायचं, आणि 'प्रवाह'तला 'प्र' काढताना तर त्याच्या कपाळावर घाम यायचा. एवढ्या वेळात त्यानं मनात दहा दिव्यांचे वॅट काढले असते. ठकुबाईला वाचता येत नव्हतं. पण पंतांची ओळ आणि नवऱ्याची ओळ शेजारी धरून ती आकार ताडून बघायची. "ह्या अक्षराचं शेपूट डावीकडं हाय. तुमचं उजवीकडं गेलं. पुन्यांदा."

ओळ जमली. तोंड मात्र मिटेना. ओठ मिटले की डोकं बंद. बटण एकच असल्यासारखं.

"आवं, तोंड मिटून बी माणसं गणितं करत्यात," ठकुबाई म्हणाली. "न्हाईतर कचेरीत काय बाजार भरला असता."

"मला न्हाई हुत."

"हुईल. थांबा." तिनं तांब्या आणला. "तोंड भरून पाणी घ्या. गिळायचं न्हाई, सांडायचं न्हाई. आता घाला गणित."

सावळाराम गाल फुगवून उंबऱ्यात बसला. हा देखावा आळीला कुठून सुटायला! बायका पाणी भरायला निघाल्या की मुद्दाम त्याच दारावरून जायच्या. शेजारची बनाबाई घागर कमरेवर ठेवून म्हणाली, "ठकुबाय, दाढ दुखतीया व्हय भावजींची?"

"न्हाई गं. परीक्षा दुखतीया."

सावळारामाला हसू आलं आणि सगळं पाणी वहीवर. पंतांची ओळ वाहून गेली. ती पुन्हा लिहून आणावी लागली. असं तीनदा झालं. मग बनाबाईला त्या दारावरून जायची बंदी झाली. आठव्या दिवशी मात्र पाणी तोंडात ठेवून त्यानं पाच गणितं सलग सोडवली. फक्त गुडघे हलत होते.

"गुडघ्याचं काय करायचं?" त्यानं पाणी थुंकून विचारलं.

"हुकमात गुडघ्याचं काय म्हटलंय का?"

"न्हाई."

"मग हलू द्या."

त्याच दिवसांत नारायण यायला लागला. हा वीजघरातला मीटर वाचणारा, तिशीतला, गोड बोलणारा. मॅट्रिकशी दोनदा झुंज घेऊन दोन्ही वेळा चीत झालेला. त्याचं अक्षर असं सुंदर की विजेचं बिल आलं तरी चौकट करून भिंतीवर लावावंसं वाटे. त्याला सगळी सूत्रं तोंडपाठ, मांडणी रेखीव. पण गुणाकारात हातचा आला की तो त्याला पाहुण्यासारखा दारात उभा करून विसरून जायचा. उत्तर दर वेळी निराळं यायचं. बिल्ला त्यालाही हवा होता, खांबांची भीती असली तरी. बिल्ला लावला की पगार वाढणार होता आणि रखडलेलं लग्न जमणार होतं.

"दादा, जरा सवायकी म्हणून दाखवा की," तो म्हणायचा. सावळाराम म्हणून दाखवायचा. विचारलं की उत्तर. त्याच्या हाडात होतं ते.

"त्याला लांब बसवा परीक्षेत," ठकुबाई एका संध्याकाळी म्हणाली.

"आगं, आपला नारायण हाय."

"म्हनूनच म्हनते."

परीक्षा शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. रविवार, सकाळी दहा. सातजण परीक्षेला. कुणी कुठं बसायचं ते शिपायानं ठरवलं, आणि एकाच लांब बाकावर सावळाराम आणि नारायण आले. परीक्षक साहेब गोरेपान, जाड चष्म्याचे, धोतरावर कोट घातलेले. त्यांनी पहिल्याच मिनिटाला डोकं वर केलं.

"कोण बोलतंय?"

सावळाराम बोलत होता. त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. त्यानं हात जोडले आणि शिपायाला खूण करून पाण्याचा तांब्या मागवला. तोंड भरून घेतलं. शेजारी नारायणानं लेखणी थांबवली. आता तिकडून काहीच ऐकू येईना.

मग काय सांगावं! गाल फुगलेले, गुडघे लयीत हलणारे, आणि बोरू कागदावर आकडे टाकत निघाला. पहिलं, दाब दोनशेवीस, प्रवाह अडीच, रोध किती? अठ्ठ्याऐंशी. दुसरं, प्रवाह पावणेदोन, शक्ती किती? तीनशे पंच्याऐंशी. तिसरं, चौथं. अर्ध्या तासात तो पाचव्याला भिडला. पाचवं होतं असं: एका दिव्याला मिळणारा दाब कमी होऊन पाऊण राहिला, तर दिव्याची शक्ती किती राहील?

हे गणित बाकीच्या सहाजणांना सोपं वाटलं. पाऊण दाब, पाऊण शक्ती. लिहून मोकळे. सावळारामानं क्षणभर डोळे मिटले. त्याला आळीच्या टोकाचे दिवे दिसले. दाब जरा खाली आला की उजेड त्याहून जास्त खाली जातो, हे त्यानं दहा वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. दिव्यातली तार तीच, तिचा रोध तोच. दाब पाऊण झाला की तिच्यातनं वाहणारंही पाऊणच होतं. म्हणजे पाऊणाचं पाऊण. सोळा आण्यांचं पाऊण बारा, बाराचं पाऊण नऊ. त्यानं लिहिलं: ९ आणे.

आता राहिली फक्त ती एक ओळ. पहिल्या गणिताखाली जागा सोडली होती, तिथं तो सावकाश कोरू लागला. 'रोध बरोबर'. घड्याळात वीस मिनिटं बाकी होती. 'दाब भागिले'. आणि मग 'प्र' आला. सावळारामानं बोरू शाईत बुडवला, श्वास रोखला, शेपूट डावीकडं, आणि नेमके साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे काय? नऊ आणे? विजेच्या परीक्षेत आणे कुठून आले?"

विचारलं की उत्तर! तोंडात पाणी, समोर साहेब. थुंकायचं कुठं? त्यानं गिळायला घेतलं, ते भलत्याच वाटेनं गेलं, जोराचा ठसका लागला, आणि तोंडातलं उरलेलं सगळं पाणी त्या कागदावर. अठ्ठ्याऐंशी निळं होऊन दोनशेवीसमध्ये मिसळलं. 'रोध बरोबर दाब' पाटात सुटलेल्या पाण्यासारखं पानभर पसरलं.

"माफी असावी सायेब, माफी..."

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं. ओरडून निघून गेले असते. त्यांनी नवा कोरा कागद दिला आणि कुतूहलानं विचारलं, "असू द्या. पण नऊ आणे कसे, ते सांगा."

सावळारामानं सांगितलं. पाऊणाचं पाऊण. दाबही पाऊण, वाहणारंही पाऊण. रुपयातले बारा, बाराचे नऊ. सांगताना आवाज नेहमीचाच होता, खांबावरचा.

साहेबांनी चष्मा काढला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई जी. दिव्यांकडं बघून. उजेड दाबापेक्षा बिगी खचतो."

"आणि पहिलं? ते कसं केलंत?"

"अडीच चोक दहा. दोनशेवीसमधी दहा बावीस येळा. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी."

"वा! दुसरं?"

"पावनेदोन म्हंजी दोनाला पाव कमी. बावीस दुणे चव्वेचाळीस, पाव बाविसे साडेपाच, ते वजा, साडेअडतीस. शून्य लावा. तीनशे पंच्याऐंशी."

साहेब शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलेच. त्यांचेही आजोबा पंतोजी होते की काय देव जाणे. "साडेतीन अंपिअर असतील तर?" "औट बाविसे सत्त्याहत्तर, सातशे सत्तर वॅट." "सव्वा?" "साडेसत्तावीस, दोनशे पंच्याहत्तर." साहेब विचारत होते, सावळाराम देत होता, साहेबांचा चेहरा खुलत होता, आणि उरलेल्या सहाजणांच्या लेखण्या पाऊस लागल्यासारख्या वाजत होत्या. सर्वांत वेगानं शेजारच्या नारायणाची. सावळारामाला ते दिसत होतं. भिंतीवरचं घड्याळही दिसत होतं. पण साहेब विचारतायत आणि आपण म्हणायचं, थांबा, मला 'प्र' काढायचाय? तात्यांच्या शाळेतून आलेल्या माणसाच्या तोंडून ते निघालंच नसतं.

"धन्य आहात," साहेब उठत म्हणाले. "लिहा, लिहा."

तीन मिनिटं उरली होती. पाचही उत्तरं नव्या कागदावर उतरवायला एक पुरलं. उरलेल्या दोन मिनिटांत 'रोध बर' एवढं झालं आणि शिपायानं घंटा दिली. कागद साहेबांनी स्वतःच्या हातानं, हसून, ओढून घेतला.

महिन्याभरानं निकाल आला. गंगाधरपंतांनी सावळारामाला आत बोलावून दार लावलं.

"पन्नास."

पंतांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"शेरा आहे. 'सर्व उत्तरे अचूक. रीत दाखविली नाही.'" पंतांनी कागद उलटा ठेवला. "नारायण अठ्ठ्याहत्तर. पाचव्या गणिताबद्दल खास कौतुक केलंय त्याचं. 'नऊ-सोळांश, रीतीसह.'"

"पंत, रीत म्या सायबांना सगळी तोंडी सांगितली हुती. शेजारी बसून ऐकली त्यांनी."

"ऐकली. आणि ती नारायणाच्या कागदावर उतरली. मला काय कळत नाही?"

"मग?"

"मग काय. कागद त्याचा." पंत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वर लिहिलंय. तोंडी परीक्षा घ्या म्हणून लिहिलंय. त्या साहेबांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, फार हळहळले आहेत. पण मार्क कागदाला द्यायचे असतात, माणसाला नाही. पुढच्या परीक्षेला नक्की बसवा म्हणाले."

"ती कवा?"

"यथावकाश," पंत म्हणाले. पण तिकडं लढाई पेटली होती, आणि ती परीक्षा काही परत झाली नाही.

नारायण संध्याकाळी पेढे घेऊन आला. चेहरा थोडा पडलेला होता, फार नाही; छातीवर बिल्ला होता, त्याच्या वजनानं मान वाकते तेवढाच. "दादा, तुमच्यामुळं पास झालो," म्हणाला. ठकुबाईनं त्यातला एक पेढा उचलला, त्याचे चार तुकडे केले, तीन नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि चौथा नारायणाला परत दिला.

"हे काय, वहिनी?"

"एवढा तुमचा. अक्षराचा."

सावळारामाला पंतांनी काढून टाकलं नाही, हे त्यांचे उपकार. 'शिडीवाला' म्हणून ठेवलं. शिडी खांद्यावर घ्यायची, खांबाला लावायची, खालून धरायची. शिडीला परवाना लागत नव्हता. पहिल्या दिवशी नारायण सहा पायऱ्या चढला आणि सातवीवर थांबला. खालून सावळाराम म्हणाला, "खाली बघू नगंस. पाढा म्हन." नारायणाला पाढा कुठला यायला! तेव्हापासून तो वर चढायचा आणि पाढा खालून सावळाराम म्हणायचा. काटा नारायण वाचायचा, ओरडून आकडा सांगायचा, उत्तर खालून यायचं. गावकऱ्यांच्या ध्यानात यायला चारेक दिवस गेले. अंबूबाईच्या मात्र लगेच आलं. "आता ह्यो हरिपाठ खालनं का येतोय गं?" तिनं विचारलं. जिला विचारलं तिनं घागर उचलून वाट धरली. 

आणि मग एका तिन्हीसांजेला नीरेकाठच्या आळीतले दिवे तांबडे झाले. विझले नाहीत, उतरले. निखाऱ्यावर राख धरावी तसे. आळीभर ओरड झाली. नारायण आणि सावळाराम शिडी घेऊन आले ते नेमके सावळारामाच्याच दारासमोरच्या खांबापाशी. दार उघडं होतं. आत ठकुबाई तांबड्या उजेडात तांदूळ निवडत होती.

नारायण वर गेला. काटा जोडला. "एकशे पासष्ट!"

"पाऊण बाविसे साडेसोळा," सावळाराम खालून पुटपुटला. "पाऊण ऱ्हायला. पाव वाटंत गेला."

"बारा आणे तर आहे की उजेड, दादा. चालवून घेतील लोक."

"बारा न्हाई, नऊ. तूच लिवलंस की कागदावर, रीतीसकट."



सावळाराम मान वर करून बघत होता. त्याला पाव कुठं गेला ते ठाऊक होतं. मागच्या, आळीबाहेरच्या खांबापर्यंत दिवे चांगले होते, म्हणजे दोष याच खांबावर. चार वर्षांपूर्वी पावसात त्यानंच घाईघाईनं बांधलेला एक सांधा होता तिथं. सैल पडला असणार; तिथं रोध वाढला असणार, आणि पंचावन्न व्होल्ट तिथंच तापून जात असणार. अंधार पडत आला तशी त्याला त्या सांध्याशी एक बारीक ठिणगीही दिसली. नारायणाच्या कानापासून हातभर लांब.

"नारायणा, तुझ्या उजव्या अंगाला. कानापाशी. त्यो सांधा आवळ."

"कुठला? हा?"

"त्यो न्हाई. त्याच्या वरचा."

"हा?"

"आरं, त्याच्या मागं! आधी वीजघरावर निरोप धाडून लाईन बंद करू, मग निवांत हात घाल."

पण ठिणगी नारायणालाही दिसली होती. शिडी थरथरायला लागली. सावळारामाच्या हातांना ती थरथर लाकडातून उतरत आलेली कळली. त्यानं शिडी घट्ट धरली, आणि नकळत एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी गंगाधरपंत आले. तेही ओरड ऐकूनच आले असणार.  नुसते त्या पायाकडे बघत राहिले, आणि मग, बघवेना म्हणून की काय, दुसरीकडे तोंड फिरवलं. त्यांनी तोंड फिरवलं याचा अर्थ चढ असा होता की चढू नकोस असा, हे सावळारामाला कळेना. हुकूम पंतांच्या सहीनं लावलेला होता. वर काही झालं तर पंतांची नोकरी जाणार होती.

त्यानं पाय खाली घेतला.

"दादा, उद्या उजेडी बघतो," नारायण उतरता उतरता म्हणाला. घामानं त्याचा बिल्ला सदऱ्याला चिकटला होता. "उद्या नक्की." तो पंतांबरोबर निघून गेला, मान खाली घालून.

उद्या काही झालं नाही, परवाही नाही. नारायण दोनदा चढला, दोन्ही वेळा भलताच सांधा आवळून उतरला. लोकांनी कंदील पुसून ठेवले. बनाबाई म्हणाली, यापेक्षा रॉकेल बरं, त्याला निदान परीक्षा नसते.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र सगळे गेल्यावर सावळाराम उंबऱ्यात येऊन बसला. शिडी खांबालाच टेकलेली होती. वरची ठिणगी मधूनच दिसायची. पोचायला अकरा पायऱ्या. आवळायला दोन फेरे.

"जेवायला या," ठकुबाई आतून म्हणाली. तो हलला नाही. ती बाहेर आली, त्याच्याजवळ टेकली, आणि त्याची नजर होती तिकडं तिनंही बघितलं.

"त्योच का तो?"

"त्योच."

 आतल्या दिव्याचा तांबडा उजेड दोघांच्या पाठीवर पडला होता, नऊ आण्यांचा. सावळारामाचे ओठ घट्ट मिटलेले होते. पाणी नव्हतं तोंडात, तरी मिटलेले होते. गुडघे तेवढे हलत होते.